संयुक्त जैववैद्यकीय संशोधन प्रस्ताव : पात्रता, कागदपत्रे आणि नेमके कुठे अडते

नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीपासून पुणे-मुंबईपर्यंतच्या महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी मिळून राज्यव्यापी जैववैद्यकीय संशोधनाचे जाळे उभारावे, ही गोष्ट विदर्भात तरी कुणाला पटवून द्यावी लागत नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण गडचिरोली-गोंदियाच्या गावांत, तपासणीची साधने आणि तज्ज्ञ नागपूर-सेवाग्रामला, तर जैवरसायन व संख्याशास्त्राची माणसे विद्यापीठांच्या विभागांत, अशी स्थिती असताना एकट्या संस्थेच्या आवाक्यातले हे काम नाही. तरीही निधीसाठी पाठवलेले असे प्रस्ताव परत येतात, आणि ते विज्ञान कच्चे असल्यामुळे कमी, सहभागी संस्थांपैकी एखाद्या लहान महाविद्यालयाचा एक कागद नसल्यामुळे जास्त. मुख्य संस्थेची फाइल कितीही भक्कम असली तरी कागदपत्रे प्रत्येक सहभागी संस्थेची स्वतंत्र पाहिली जातात.

पहिली आणि सर्वांत मोठी अडचण एथिक्स कमिटीच्या, म्हणजे माणसांवरील संशोधन नैतिकदृष्ट्या योग्य आहे का ते तपासून मंजुरी देणाऱ्या समितीच्या, नोंदणीची आहे. नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचण्या नियम, 2019 यांनी दोन वेगळ्या नोंदण्या सांगितल्या आहेत. नव्या औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्रीय औषध नियंत्रकांकडे होते. रक्ताचे नमुने, सर्वेक्षण, आनुवंशिक तपासणी अशा इतर जैववैद्यकीय संशोधनाला मंजुरी देणाऱ्या कमिटीची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे 'नैतिक' या पोर्टलवरून करावी लागते. दोन्हींचा अर्ज सीटी-01 याच नमुन्यात असल्यामुळे घोटाळा होतो. औषध नियंत्रकांचे प्रमाणपत्र आहे म्हणजे काम झाले, असे समजून ते जोडणारी महाविद्यालये दरवर्षी दिसतात, आणि त्यात नावाजलेली वैद्यकीय महाविद्यालयेही असतात. आरोग्य संशोधन विभागाकडून आधी दोन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते, छाननीनंतर पाच वर्षांची अंतिम. तात्पुरत्या प्रमाणपत्राची मुदत केव्हा संपते, याकडे महाविद्यालयात कुणाचेच लक्ष नसते आणि प्रस्ताव दाखल करण्याच्या आठवड्यात ते उघडकीस येते. म्हणून सहभागी संस्थांकडून 'आमची कमिटी नोंदणीकृत आहे' एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये. प्रमाणपत्राची प्रत मागवावी, ते कुणी दिले आहे ते पाहावे आणि त्यावरील तारीख स्वतः वाचावी.

कमिटीच्या रचनेवरूनही अर्ज परत येतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कमिटीत 7 ते 15 सदस्य हवेत, त्यातील किमान निम्मे संस्थेबाहेरचे हवेत आणि अध्यक्षही बाहेरचाच हवा. संस्थाप्रमुखाने कमिटीत असू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आपल्याकडच्या विज्ञान महाविद्यालयांत मात्र प्रत्येक समितीचे अध्यक्ष प्राचार्य असण्याची सवय इतकी मुरलेली आहे की एथिक्स कमिटीच्या यादीतही पहिले नाव त्यांचेच येते. कायदेतज्ज्ञ आणि सामान्य नागरिक हे सदस्यही लागतात. निवृत्त प्राध्यापकाला सामान्य नागरिक म्हणून दाखवू नये.

ज्या महाविद्यालयाकडे कमिटीच नाही, त्याने घाईघाईने नवी स्थापन करण्याऐवजी दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत कमिटीशी सामंजस्य करार करावा. मार्गदर्शक सूचनांना ते मान्य आहे. औषध-चाचणी असेल तर मात्र ती कमिटी त्याच शहरातली किंवा चाचणीच्या ठिकाणापासून 50 किलोमीटरच्या आतली असावी लागते. कामठीला नागपूरची कमिटी चालेल, भंडारा किंवा वर्ध्याला चालणार नाही. कमी जोखमीच्या बहुकेंद्री अभ्यासासाठी एका कमिटीकडून सामाईक परीक्षण करून घेण्याचीही सोय आहे. ती वापरली तर पाच कमिट्यांच्या पाच वेगवेगळ्या शंकांना उत्तरे देण्यात जाणारे महिने वाचतात. या सोयीचा उपयोग इतके कमी लोक का करतात, हे कोडे आहे.

दुसरा अडकणारा कागद खासगी संस्थांचा. शासकीय नसलेल्या संस्थेला केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची मान्यता, म्हणजे बोलण्यात ज्याला 'सायरो' म्हणतात ते प्रमाणपत्र, सहसा मागितले जाते. नॅकची उत्तम श्रेणी किंवा विद्यापीठाची संलग्नता त्याची जागा घेत नाही. ही मान्यता मिळायला वेळ लागतो, ती मुदतीची असते आणि नूतनीकरण विसरले की पुन्हा तीच धावपळ. ज्या महाविद्यालयाकडे ती नाही, त्याला निधी घेणारी संस्था म्हणून दाखवण्याचा हट्ट धरू नये.

याच्या जोडीला नावाचा गोंधळ. महाविद्यालय चालवते एखादे शिक्षण मंडळ. पॅन आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक मंडळाच्या नावाने, बँक खाते प्राचार्यांच्या पदनामाने, पीएफएमएस या केंद्राच्या निधीवाटप प्रणालीवरची नोंद तिसऱ्याच स्पेलिंगने, आणि अर्ज महाविद्यालयाच्या नावाने. हे सर्व एकमेकांशी जुळल्याशिवाय पैसा हलत नाही. प्रस्ताव मंजूर होऊनही पहिला हप्ता केवळ 'एज्युकेशन' आणि 'एज्युकेशनल' या फरकापायी अडून राहतो आणि तोवर नेमलेला संशोधन सहायक दुसरी नोकरी धरतो. एवढ्याशा फरकासाठी माणसाला महिनोन् महिने हेलपाटे घालायला लावणे अन्यायाचे आहे. पण अर्ज करण्याआधी मंडळाचा ठराव घेऊन नावे एकसारखी करून ठेवणे आपल्या हातात आहे.

संस्थांमधील सामंजस्य करारात नमुन्यांची मालकी, साठवण, प्रकाशनातील नावे आणि रुग्णांच्या माहितीची जबाबदारी यांवर स्वतंत्र कलमे असावीत. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यात मुद्रांकाची किमान रक्कम 100 वरून 500 रुपये झाली आहे, त्यामुळे कपाटात शिल्लक असलेले शंभराचे मुद्रांकपत्र वापरू नये. सही कुलसचिवांची किंवा अधिकार दिलेल्या व्यक्तीची हवी, विभागप्रमुखांची पुरत नाही.

प्राण्यांवर प्रयोग असतील तर संस्थेची प्राणी नीतिसमिती, जनुकीय फेरबदल केलेले सूक्ष्मजीव असतील तर जैवसुरक्षा समिती, या मंजुऱ्या अर्थातच लागतात. संशोधकांचे परिचयपत्र, अंदाजपत्रक आणि संस्थाप्रमुखांचे शिफारसपत्र पोर्टलवर चढवणे हे नेहमीचे काम आहे. जुन्या प्रकल्पाचे उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे मिळालेला निधी ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचा दाखला, थकलेले असेल तर ते आधी मोकळे करावे, कारण ते प्रलंबित असताना नवा निधी मिळणे कठीण असते.

परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते, आणि पैसा बाहेरून येणार असेल तर विदेशी अंशदान नियमन कायदाही लागू होतो. त्यातील 2020 च्या दुरुस्तीनंतर मिळालेले अंशदान दुसऱ्या संस्थेकडे वळते करता येत नाही. मुख्य संस्थेने परदेशातून निधी घ्यायचा आणि गडचिरोली, वाशीमच्या महाविद्यालयांना वाटून द्यायचा, ही रचना अनेक प्रस्तावांत आजही सापडते. ती कायद्यात बसत नाही. अशा वेळी प्रत्येक सहभागी संस्थेचा निधीमार्ग वेगळा आखावा, किंवा लहान संस्थांचा वाटा फक्त देशातल्या निधीतून ठेवावा, आणि अंदाजपत्रकाच्या पहिल्याच मसुद्यात तसे लिहावे.