कॅमेरा दुरुस्तीला आणण्यापूर्वी: लेन्स आणि बॅटरीच्या तक्रारींविषयी ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांपैकी बरेच कॅमेरे उघडावेच लागत नाहीत. काउंटरवर दुसरी बॅटरी घालून पाहिली किंवा लेन्स काढून पुन्हा बसवली की ते सुरू होतात, आणि ग्राहकाचा हेलपाटा मात्र झालेला असतो. उलट, ज्यांचा खर्च मोठा निघतो त्यांतल्या अनेक कॅमेऱ्यांत मूळ बिघाड किरकोळ असतो आणि घरी जोर लावल्यामुळे तो वाढलेला असतो. म्हणून दुकानात येण्यापूर्वी काय तपासावे आणि कशाला हात लावू नये, एवढेच या पत्रकात सांगितले आहे.

बॅटरी

कॅमेरा अजिबात सुरू होत नसेल, तर बॅटरीच्याही आधी बॅटरीचे झाकण पाहावे. बऱ्याच कॅमेऱ्यांत झाकणाच्या कडेला प्लास्टिकचा एक बारीक दात असतो. झाकण पूर्ण बंद झाल्यावर तो आतली छोटी कळ दाबतो आणि मगच कॅमेरा चालू होऊ शकतो. तो दात तुटला असेल, तर पूर्ण चार्ज केलेली बॅटरी घालूनही स्क्रीन काळीच राहते आणि दोष उगाच बॅटरीला दिला जातो.

त्यानंतर बॅटरीवरचे आणि कॅमेऱ्याच्या आतले सोनेरी पॉइंट कोरड्या, मऊ सुती कापडाने हलकेच पुसावेत. पॉलिश पेपर किंवा ब्लेड वापरू नये, कारण त्यामुळे वरचा सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो आणि खालचा धातू दमट हवेत लवकर गंजतो.

बॅटरी पूर्ण भरलेली दिसते, पण फ्लॅश पडला किंवा झूम फिरवला की कॅमेरा बंद पडतो, ही तक्रार आम्ही जवळजवळ रोज ऐकतो. लिथियम-आयन बॅटरी जुनी होत जाते तसा तिचा आतला रोध वाढतो. त्यामुळे कॅमेरा नुसता चालू असताना व्होल्टेज ठीक दिसते, पण एकदम जास्त वीज लागली की ते कोसळते. अशा वेळी त्याच मॉडेलची दुसरी बॅटरी ओळखीच्या कोणाकडून तासभर मागून आणावी. तिच्यावर कॅमेरा नीट चालला, तर कॅमेऱ्यात दोष नाही, हे आमच्याकडे न येताच कळेल.

बॅटरी फुगली असेल, तर ती दाबू नये, टोचू नये आणि पुन्हा चार्जही करू नये. ती आत अडकून बसली असेल, तर स्क्रू-ड्रायव्हरने उचकटण्याऐवजी कॅमेरा आहे तसा आमच्याकडे आणावा. कॅमेरा काही महिने वापरायचा नसेल, तर बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवावी. पूर्ण रिकामी ठेवलेली बॅटरी पुष्कळदा पुन्हा चार्जच घेत नाही. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यांत भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल घालू नयेत. ते पाच-दहा फोटोंतच दम तोडतात. त्याऐवजी अल्कलाइन किंवा रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत.

लेन्स

आत-बाहेर होणाऱ्या लेन्सच्या छोट्या कॅमेऱ्यांत ‘लेन्स एरर’ असा संदेश येतो, तेव्हा बहुतेक वेळा लेन्सच्या नळ्यांमध्ये वाळूचा कण अडकलेला असतो किंवा कॅमेरा खिशात असताना चुकून चालू होऊन लेन्स कापडाला अडलेली असते. बॅटरी काढून काही मिनिटांनी पुन्हा घालावी, कॅमेरा लेन्स खाली करून धरावा आणि नळ्यांच्या फटीत रबरी हातपंपाने (ब्लोअरने) हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचे शिंतोडे काचेवर बसतात. एवढे करूनही लेन्स हलली नाही, तर ती बोटांनी ओढू नये. आतले गिअर प्लास्टिकचे असतात आणि त्यांचा एक दाता तुटला तरी पूर्ण लेन्स बदलावी लागते. व्हिडिओ पाहून कॅमेरा उघडण्याचा मोह तर टाळावाच, कारण फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) बॅटरी काढल्यानंतरही सुमारे 300 व्होल्टचा साठा राहू शकतो.

लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत फोकस होत नसेल, तर लेन्सवरचे बटण ‘एएफ’ऐवजी (आपोआप फोकस) ‘एमएफ’वर (हाताने फोकस) सरकले आहे का, ते पाहावे. हे वाचून हसू येईल, पण बॅगेत घालता-काढताना ते बटण सहज सरकते. कॅननच्या कॅमेऱ्यावर ‘एरर 01’ दिसत असेल, तर लेन्स आणि बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) यांच्यातला संपर्क तुटलेला असतो. कॅमेरा बंद करून लेन्स काढावी, मागचे पॉइंट पुसावेत आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत लेन्स फिरवून बसवावी. निकॉनवर जुनी रिंगवाली लेन्स लावल्यावर ‘एफ ई ई’ अशी अक्षरे आली, तर तो बिघाड नव्हे. ॲपर्चरची (लेन्समधून उजेड आत घेणाऱ्या छिद्राची) रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर आणून लॉक करावी. दुसरी लेन्स लावल्यावर तोच कॅमेरा नीट चालत असेल, तर बॉडी घरी ठेवून फक्त लेन्स आणली तरी चालेल.

पावसाळा आणि समुद्र

कोकणात आणि गोव्यात लेन्सचा खरा शत्रू बुरशी आहे. लेन्समधून टॉर्चचा उजेड पाडून तिरके पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर वाट पाहू नये, कारण बुरशी फार दिवस राहिली की काचेवरचे कोटिंग खाते आणि मग ती साफ केली तरी डाग उरतो. चामड्याच्या केसमध्ये ओल धरून राहते. त्यापेक्षा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या बऱ्या. डब्यातली आर्द्रता 40 ते 50 टक्के असावी.

कॅमेरा पाण्यात पडला, तर तो चालतो का हे पाहण्यासाठी चालू करू नये. बॅटरी लगेच काढावी. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवण्याने पीठ आत जाते, आणि खारे पाणी तर तोवर सर्किट खातच असते. म्हणून समुद्राच्या पाण्यात पडलेला कॅमेरा त्याच दिवशी आणावा.

दुरुस्तीला येताना कॅमेऱ्यासोबत बॅटरी, चार्जर आणि लेन्स आणावी, मेमरी कार्ड काढून घरी ठेवावे आणि स्क्रीनवर जो संदेश येतो त्याचा मोबाइलवर फोटो काढून आणावा, कारण दुकानात आल्यावर तो संदेश हमखास येत नाही.