बॉरो आणि कीप: चिनी विद्यार्थी खरे अडखळतात ते इथे

चिनी मुलांच्या इंग्रजीचा विषय निघाला की जो तो 'बॉरो' आणि 'लेंड' घेऊन बसतो. एक उसनं घेणं, दुसरं उसनं देणं. आपल्याला हे सांगायला नको. मँडरिनमध्ये दोन्हीला 'ज्ये' हे एकच क्रियापद चालतं. वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली ते सोबतच्या 'गेइ'सारख्या ('देणं' किंवा '-ला' अशा अर्थाच्या) शब्दावरून नाहीतर संदर्भावरून कळतं. म्हणून 'मला जरा पेन दे'चं 'बॉरो मी अ पेन' होतं. ही चूक लगेच ऐकू येते आणि सुधारतेही. तिच्यासाठी बाणांचे तक्ते काढणं आता पुरे.

घोळ आहे तो 'बॉरो' आणि 'कीप'मध्ये, आणि तो बराचसा शाळेनेच घातलेला आहे. चीनमध्ये शाळेत शिकवतात की 'बॉरो' ही क्षणात संपणारी क्रिया, तिला कालावधी जोडायचा नाही. जोडायचा असेल तर 'कीप' वापरा. तसंच 'बाय'च्या जागी 'हॅव', 'डाय'च्या जागी 'बी डेड'.

नियमामागचं दुखणं खरं आहे. 'हे पुस्तक आणून दोन आठवडे झाले' असं आपण म्हणतो, चिनी माणूसही जवळपास तसंच म्हणतो: घटना घडली, तिथून दिवस मोजले. 'आजोबांना जाऊन दहा वर्षं झाली' म्हटल्यावर आजोबा दहा वर्षं जात होते असं कुणी समजत नाही. इंग्रजीत मात्र 'आय हॅव बॉरोड धिस बुक फॉर टू वीक्स' खटकतं. (आपल्याकडचे लोक त्यात 'सिन्स टू वीक्स' घालतात, ते तर असह्यच.) तिथे 'आय हॅव हॅड धिस बुक फॉर टू वीक्स' हवं. परीक्षेत 'हॅव केप्ट'लाही गुण मिळतात, पण त्यातून पुस्तक परत न करता ठेवून घेतल्याचा वास येतो. मी 'हॅड'च शिकवेन.

पण कालावधी दिसला की 'बॉरो' चूक, हे साफ खोटं. 'कॅन आय बॉरो इट फॉर टू डेज?' हे रोजचं, निर्मळ इंग्रजी आहे. 'हाउ लाँग कॅन आय बॉरो इट फॉर?' हेसुद्धा. इथे दोन दिवस उलटलेले नाहीत. ती उसनवारीची ठरवलेली मुदत आहे. मुदत पुढची असेल तर 'बॉरो' बिनधास्त चालतं, आजवर उलटलेला काळ मोजायचा असेल तर 'हॅव'. मुलांना घोकायला लावायचंच असेल तर एवढं लावा.

कारण 'बॉरो'ला पर्याय म्हणून 'कीप' पाठ केलेला मुलगा एक दिवस कालावधी गाळतो आणि मित्राला विचारतो, 'कॅन आय कीप युअर बुक?' त्याला दोन दिवस वाचायला हवं असतं. मित्राला ऐकू येतं, 'तुझं पुस्तक माझ्याकडेच ठेवून घेऊ का?' व्याकरणाची चूक एकही नाही, त्यामुळे कुणी दुरुस्तही करत नाही.