दोन लाख चौऱ्याऐंशी हजारांत चारशे ब्याण्णव

सप्टेंबर २०१३ मधले दोन दिवस. युरोपातल्या कार्डधारकांचे २,८४,८०७ व्यवहार, आणि त्यांतले फसवणुकीचे फक्त ४९२. ब्रुसेल्सच्या युनिव्हर्सिते लिब्र विद्यापीठातल्या मशीन लर्निंग गटाने वर्ल्डलाइन या पेमेंट कंपनीबरोबर काम करताना हा डेटा जमवला आणि पुढे तो सर्वांसाठी खुला केला. कार्डावरची फसवणूक संगणकाला कशी ओळखायला शिकवायची, या विषयावरचे पुष्कळ शोधनिबंध याच एका तक्त्यावर उभे आहेत. त्यांतले कितीतरी निबंध ९९ टक्क्यांच्या वरचे यश सांगतात. ते आकडे कसे वाचायचे, हे प्रत्येक वाचकाला कळायला हवे, कारण अशाच आकड्यांच्या भरवशावर कुणाचे तरी कार्ड ऐन गरजेच्या वेळी अडवले जाते.

तक्त्याची एक ओळ म्हणजे एक व्यवहार. ओळीत ३१ रकाने असतात. पहिला वेळेचा, म्हणजे पहिल्या व्यवहारापासून किती सेकंद उलटले त्याचा. एक रकमेचा, आणि एक शेवटच्या निकालाचा: ० म्हणजे खरा व्यवहार, १ म्हणजे फसवणूक. मधले २८ रकाने मूळ माहितीचे नाहीतच. ग्राहकाची ओळख उघड होऊ नये म्हणून मूळ माहिती गणिती पद्धतीने एकमेकांत मिसळून हे २८ आकडे तयार केले आहेत. त्यामुळे दुकान कुठले, शहर कुठले, कार्ड कोणाचे, काहीच कळत नाही.

रक्कम मात्र तशीच ठेवली आहे, आणि ती बरेच काही सांगते. फसवणुकीच्या व्यवहारांची सरासरी १२२ च्या आसपास आहे, पण मध्यक, म्हणजे रकमा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, फक्त ९.२५ आहे. खऱ्या व्यवहारांचा मध्यक २२. त्यातही ४९२ पैकी ११३ फसवणुकींची रक्कम नेमकी १.०० आहे. चोरलेले कार्ड चालू आहे की बंद, हे आधी किरकोळ रकमेने चाचपून पाहायची चोरांची रीत जुनीच आहे, आणि हे आकडे तिच्याशी जुळतात. ‘मोठी रक्कम दिसली की संशय घ्या’ हा नियम इथे का तोकडा पडतो, ते यावरून दिसते.

आता यशाच्या आकड्याकडे येऊ. फसवणुकीचे प्रमाण हजारी दोनसुद्धा नाही. समजा, काहीही न शिकता ‘सगळे व्यवहार खरे’ एवढेच सांगणारा प्रोग्राम लिहिला, तरी त्याची अचूकता ९९.८३ टक्के भरते, आणि पकडलेले चोर शून्य. म्हणून या कामात अचूकता हे माप बाद धरावे. विचारायचे प्रश्न दोन. एकूण फसवणुकींपैकी किती सापडल्या? याला रिकॉल म्हणतात. आणि जेवढे इशारे दिले, त्यांतले किती खरे निघाले? हे प्रिसिजन. डेटा खुला करणाऱ्या गटानेही या दोहोंच्या आलेखाखालचे क्षेत्रफळच माप म्हणून वापरा, असे सांगून ठेवले आहे.

एक हिशेब करून पाहू. मॉडेल, म्हणजे डेटावरून शिकलेला प्रोग्राम, ८० टक्के फसवणुकी पकडते आणि खऱ्या व्यवहारांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकून संशय घेते, असे धरू. ऐकायला उत्तम आहे. पण ४९२ च्या ८० टक्के म्हणजे ३९४, आणि २,८४,३१५ खऱ्या व्यवहारांच्या १ टक्का म्हणजे २,८४३. एकूण इशारे ३,२३७, त्यांतले खरे सुमारे १२ टक्के. तपासणाऱ्याने आठ ग्राहकांना फोन लावले, तर सात जणांनी आपलाच व्यवहार असल्याचे सांगायचे. चुकीचा संशय १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आणला, की हेच प्रिसिजन ५८ टक्क्यांवर जाते. सगळी मेहनत या दशांश चिन्हापुढच्या जागेसाठी असते.

हेच मॉडेल, त्यात काडीचाही बदल न करता, निम्मे खरे आणि निम्मे खोटे अशा समतोल नमुन्यावर तपासले, तर प्रिसिजन ९८.८ टक्के येते! खरे व्यवहार कमी केले, की चुकीचे इशारेही आपोआप कमी होतात. त्यामुळे निबंधात ९८ टक्के दिसले, की चाचणीच्या संचात फसवणुकीचे प्रमाण किती होते, हे आधी शोधावे. ते दिलेले नसेल, तर त्या आकड्यावर विसंबू नये.

शिकवताना समतोल साधायला हरकत नाही. हजारात दोनापेक्षा कमी उदाहरणांतून यंत्राला चोरी ओळखू येणे कठीणच. त्यासाठी २००२ साली मांडलेली ‘स्मोट’ ही पद्धत आजही सर्रास वापरतात. फसवणुकीची एक ओळ घ्यायची, तिच्या सर्वांत जवळच्या, बहुधा पाच, फसवणुकींपैकी एक निवडायची, आणि दोघींना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी एक नवी कृत्रिम ओळ तयार करायची. घोळ होतो तो क्रमात. आधी संपूर्ण डेटावर स्मोट चालवला आणि मग शिकवणीचा आणि चाचणीचा भाग वेगळा केला, तर चाचणीतल्या ओळींची जवळजवळ नक्कल शिकवणीत जाऊन बसते. परीक्षेचा पेपर आधीच फुटला, असे समजा. शिवाय चाचणीतल्या काही फसवणुकी कृत्रिमच असतात. योग्य क्रम एकच: आधी विभागणी, मग फक्त शिकवणीच्या भागावर स्मोट, आणि चाचणीचा भाग जसा आला तसा.

पेपर फुटण्याची आणखी एक वाट याच तक्त्यात आहे. त्यातल्या १,०८१ ओळी तंतोतंत दुबार आहेत. त्या काढल्या, की २,८३,७२६ ओळी आणि ४७३ फसवणुकी उरतात. दुबार ओळी न काढता सरसकट पिसून विभागणी केली, तर तीच ओळ दोन्हीकडे येऊ शकते. मुळात पिसणेच टाळावे. प्रत्यक्षात मॉडेल कालच्या व्यवहारांवर शिकते आणि आजचे तपासते. म्हणून पहिला दिवस शिकवणीला, दुसरा चाचणीला. यश थोडे घटलेले दिसेल, पण ते खरे असेल.

समतोल नमुन्यावर शिकलेल्या मॉडेलने दिलेली शक्यताही जशीच्या तशी घेऊ नये. २,८४,३१५ खऱ्या व्यवहारांतून ४९२ च ठेवले, तर खऱ्यांचा सुमारे ०.००१७३ भाग राहिला. मॉडेल ‘९० टक्के फसवणूक’ म्हणाले, म्हणजे फसवणूक आणि खरा व्यवहार यांचे नवास एक, म्हणजे ९, असे प्रमाण. त्याला ०.००१७३ ने गुणायचे: ०.०१५६. म्हणजे खरी शक्यता दीड टक्का. या दुरुस्तीशिवाय पैशाचा हिशेब जमत नाही. १,००० युरोंच्या व्यवहारात दीड टक्का शक्यता म्हणजे सरासरी १५ युरोंची जोखीम; १०० युरोंच्या व्यवहारात दीड युरो. एका तपासणीला ४ युरो खर्च येतो असे धरले, तर पहिला तपासणे परवडते, दुसरा नाही. दोन्हींवरचा शिक्का मात्र ‘९० टक्के’ असाच होता.

बँकांत चालणाऱ्या यंत्रणांची खरी ताकद एकेका ओळीत नसते, कार्डाच्या इतिहासात असते: गेल्या तासाभरात किती व्यवहार झाले, नेहमीच्या रकमेच्या किती पट खर्च झाला, हे दुकान पहिल्यांदाच आले का. यातही बारकावे आहेत. एखादा माणूस रात्री २३:५० ला आणि ००:१० ला खर्च करत असेल, तर साधी सरासरी दुपारचे बारा दाखवते आणि त्याचा मध्यरात्रीचा नेहमीचा व्यवहारच संशयित ठरतो. म्हणून वेळ घड्याळाच्या वर्तुळावर मांडून सरासरी काढावी लागते. खुल्या तक्त्यात कार्डाची ओळखच नाही, त्यामुळे हे काहीच त्यात करता येत नाही. त्याच्यावर अल्गोरिदमांची शर्यत लावण्याला मर्यादा पडते ती यामुळे.

शेवटची अडचण निकालाच्या रकान्याची. व्यवहार होतो त्या क्षणी तो खरा की खोटा हे कोणालाच ठाऊक नसते. ज्यांवर इशारा दिला, त्यांचा निकाल तपासणारे लवकर लावतात. बाकीच्यांचा निकाल ग्राहकाने महिन्याचे विवरण पाहून तक्रार केली, तर लागतो, तोही काही आठवड्यांनी. दरम्यान मॉडेल रोज नव्याने शिकत असेल, तर ज्यांच्यावर त्याने स्वतः संशय घेतला, त्यांच्याकडूनच ते प्रामुख्याने शिकते, आणि न पकडलेल्या चोऱ्या तोवर ‘खऱ्या’ म्हणून मोजल्या जातात. म्हणून ताज्या तपासणीतून शिकणारे एक मॉडेल आणि उशिरा आलेल्या तक्रारींतून शिकणारे दुसरे, अशी दोन वेगळी ठेवून त्यांची मते एकत्र करण्याची पद्धत ब्रुसेल्सच्या याच गटातल्या संशोधकांनी मांडली.