पॉलिऑक्सोमेटलेट समूह आणि विद्युत ऊर्जेची साठवण

पॉलिऑक्सोमेटलेट म्हणजे मॉलिब्डेनम, टंगस्टन, व्हॅनेडियम अशा धातूंचे अणू ऑक्सिजनच्या दुव्यांनी जोडले जाऊन तयार झालेले ऋणभारित समूह. आकार साधारण एक ते काही नॅनोमीटर. घडण धातूच्या ऑक्साइडची, पण रेणूसारखे ठरावीक सूत्र असलेली आणि योग्य द्रावकात विरघळणारी. असा एक समूह अनेक इलेक्ट्रॉन घेतो आणि परत देतो, तरीही त्याचा सांगाडा टिकून राहतो. लिथियम बॅटरी, सुपरकपॅसिटर (झटपट भारित आणि रिकामे होणारे साठवण साधन) आणि फ्लो बॅटरी या तिन्हींच्या संशोधनात त्याचा विचार होतो तो या गुणामुळे.

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात फॉस्फेटची कसोटी ज्यांनी केली आहे, त्यांनी हा समूह पाहिलेला आहे. नायट्रिक आम्ल आणि अमोनियम मॉलिब्डेट घालून तापवल्यावर मिळणारा पिवळाधमक साका म्हणजे अमोनियम फॉस्फोमॉलिब्डेट. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांनी त्याची नोंद १८२६ मध्ये केली. आतली रचना कळायला मात्र शंभराहून अधिक वर्षे गेली. १९३३ मध्ये मँचेस्टर येथे जे. एफ. केगिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने फॉस्फोटंगस्टिक आम्लाची रचना उलगडली: मधोमध फॉस्फेटचा चतुष्फलक आणि त्याभोवती तीन-तीनच्या चार गटांत रचलेले १२ अष्टफलक. फॉस्फोमॉलिब्डेटचा सांगाडाही हाच. या रचनेला केगिन यांचेच नाव मिळाले.

माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत उपलब्ध स्फुरद मोजतात तेव्हा याच फॉस्फोमॉलिब्डेटचे क्षपण करतात, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतात, आणि पिवळ्याचा गडद निळा रंग होतो. समूहात शिरलेले इलेक्ट्रॉन एका मॉलिब्डेनमवर अडकून न राहता शेजारच्या अणूंवर उड्या घेत फिरतात, त्यातून हा निळेपणा येतो. निळा जितका गडद, तितका मातीत स्फुरद जास्त. साठवलेला विद्युतभार नुसत्या डोळ्यांनी दिसावा, असे फार थोड्या पदार्थांच्या बाबतीत घडते. ऊर्जासाठवणीची सगळी कल्पना या एका रंगबदलात सामावलेली आहे.

किती इलेक्ट्रॉन मावतात, याचे सर्वांत ठळक उत्तर जपानमधील नागोया विद्यापीठातून आले. तिथे कुनिओ आवागा आणि हिरोफुमी योशिकावा यांच्या गटाने लिथियम घटाच्या धनाग्रात फॉस्फोमॉलिब्डेटचे लवण वापरले आणि घट चालू असतानाच क्ष-किरण शोषणाने धातूची अवस्था तपासली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात बाराही मॉलिब्डेनम +६ वरून +४ पर्यंत उतरलेले दिसले. म्हणजे प्रत्येकी दोन, एका समूहात २४ इलेक्ट्रॉन. संशोधकांनी त्याला इलेक्ट्रॉनचा स्पंज म्हटले. हा स्पंज भरताना फुगत मात्र नाही. मॉलिब्डेनमचे अणू एकमेकांशी बंध जोडतात आणि समूह उलट किंचित आक्रसतो.

हिशेब केला तर या लवणाची धारकता, म्हणजे त्यात मावणारा विद्युतभार, ग्रॅममागे सुमारे २५० मिलिअँपिअर-तास येते. लिथियम बॅटरीच्या धनाग्रात सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिथियम आयर्न फॉस्फेटची सैद्धांतिक धारकता १७० आहे. तुलना इथेच थांबवली तर ती फसवी ठरेल. आयर्न फॉस्फेट जवळपास ३.४ व्होल्टच्या स्थिर विद्युतदाबाला काम करते. समूहाचा दाब इलेक्ट्रॉन भरत जातील तसा उतरत जातो. शिवाय त्याच्या सोबतीला असलेले तीन अवजड टेट्राब्यूटिलअमोनियम आयन लवणाच्या वजनाचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग व्यापतात आणि साठवणीत काहीच भर घालत नाहीत.

खरी अडचण विरघळण्याची आहे. समूह हळूहळू इलेक्ट्रोलाइटमध्ये उतरतो आणि धारकता घटत जाते. घन अवस्थेत तो वीजही फारशी वाहून नेत नाही. त्यामुळे त्याला सक्रियित कार्बन, नॅनोनलिका किंवा ग्राफीनवर बसवतात. बार्सिलोनात पेद्रो गोमेझ-रोमेरो यांच्या गटाने या वाटेने सुपरकपॅसिटर तयार केले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात घडलेले संशोधक दीपक डुबल यांचा ग्राफीन आणि पॉलिऑक्सोमेटलेट यांच्या संकरित इलेक्ट्रोडवरील कामात महत्त्वाचा वाटा आहे. सामूचे (पीएचचे) बंधनही आहेच: फॉस्फोमॉलिब्डेट तीव्र आम्लातच टिकते, सामू वाढला की त्याचे तुकडे होतात. नायोबियमचे समूह मात्र अल्कधर्मी पाण्यात तग धरतात.

विरघळणे हा दोष मानायचा की गुण, हे घट कोणता यावर ठरते. फ्लो बॅटरीत ऊर्जा टाक्यांमधल्या द्रवात असते आणि तो द्रव पंपाने घटातून फिरवला जातो. तिथे भरपूर विरघळणारा, अनेक इलेक्ट्रॉन झेलणारा रेणूच हवा असतो. माझ्या मते या समूहांची खरी जागा इथे आहे. २०१८ मध्ये ग्लासगो विद्यापीठातील लेरॉय क्रोनिन आणि सहकाऱ्यांनी १८ टंगस्टन अणूंच्या डॉसन समूहाचे लिथियम लवण संहत आम्लधर्मी द्रावणात वापरले आणि पाण्यात एका समूहाला १८ इलेक्ट्रॉन देऊन परत मिळवले. विरल द्रावणात हाच समूह एवढे इलेक्ट्रॉन घेत नाही. संहत द्रावणात लिथियम आयन आणि प्रोटॉन त्याचा वाढता ऋणभार सावरतात. त्यांनी लिटरमागे २२५ वॅट-तास ऊर्जा घनता नोंदवली. नेहमीच्या व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत ती साधारण २५ ते ३५ असते.

याच गटाने त्याआधी आणखी एक उपयोग दाखवला होता. पाण्याच्या विद्युत विघटनात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच वेळी तयार होतात आणि त्यांना वेगळे ठेवावे लागते. २०१३ मध्ये फॉस्फोमॉलिब्डिक आम्लाचा मध्यस्थ वापरून त्यांनी या दोन क्रिया वेगवेगळ्या वेळी घडवल्या: आधी ऑक्सिजन सुटतो आणि इलेक्ट्रॉन-प्रोटॉन समूहात थांबतात, हायड्रोजन नंतर काढता येतो. २०१४ मध्ये सिलिकोटंगस्टिक आम्ल वापरल्यावर दुसऱ्या टप्प्याला विजेचीही गरज उरली नाही. भारित निळे द्रावण वेगळ्या पात्रात प्लॅटिनम उत्प्रेरकावर नेले की हायड्रोजन आपोआप सुटू लागतो आणि रंग ओसरलेले द्रावण पुन्हा भारित करण्यासाठी परत घटात नेता येते.