सोडियम आणि कॅल्शियम पाण्यात: उष्णता कुणाची जास्त, धिंगाणा कुणाचा जास्त?

अल्क धातू (आवर्तसारणीतला पहिला गण, सोडियम त्यातला) आणि अल्कधर्मी मृदा धातू (दुसरा गण, कॅल्शियम त्यातला) यांची नावं जशी एकमेकांत अडकतात, तशाच त्यांच्या पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियाही. दोन्हीकडे हायड्रोजन सुटतो, दोन्हीकडे हायड्रॉक्साइड तयार होतं, आणि फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचे दोन थेंब टाकले तर दोन्ही पाणी गुलाबी होतं. उत्तरपत्रिकेत मग ठरलेलं वाक्य येतं: पहिला गण जोमाने, दुसरा सावकाश. ढोबळमानाने ते बरोबर आहे. पण कारण विचारलं की ‘सोडियममधून जास्त ऊर्जा बाहेर पडते’ असं सांगितलं जातं, आणि तिथे गाडी रुळावरून घसरते.

आधी डोळ्यांना काय दिसतं ते पाहू. रॉकेलमधून काढलेला सोडियमचा तुकडा टिपकागदावर कोरडा करून सुरीने कापला, तर कापलेला भाग चांदीसारखा चमकतो आणि बघता बघता काळवंडतो. त्यातला डाळीएवढा कण पाण्यावर टाकला की तो तरंगतो, कारण सोडियमची घनता ०.९७, म्हणजे पाण्यापेक्षा किंचित कमी. क्षणात कोपरे वितळून त्याची गोळी होते आणि ती सुर्र आवाज करत पृष्ठभागावर सैरावैरा पळते. एवढ्याशा कणातून सुटलेला हायड्रोजन बऱ्याचदा पेटतही नाही, कारण गोळी एका जागी थांबत नाही आणि उष्णता पाण्यात पसरते. तोच कण पाण्यावर ठेवलेल्या ओल्या टिपकागदावर टाका, गोळी अडकते आणि पिवळी ज्योत उठते. पोटॅशियमला असल्या मदतीची गरज पडत नाही. ते टाकताक्षणी जांभळट ज्योतीने पेटतं. (हे प्रयोग शिक्षकांनीच, काचेच्या आडोशाने करायचे. घरी अजिबात नाही.)

कॅल्शियमची तऱ्हा वेगळी. घनता १.५५, त्यामुळे दाणा थेट तळाशी जातो. क्षणभर काही होत नाही. वरचा ऑक्साइडचा थर जुना असेल तर बराच वेळ काही होत नाही. मग बुडबुडे धरू लागतात, दाण्याला चिकटतात, त्याला वर उचलतात, फुटले की दाणा परत खाली. पाणी कोमट होतं आणि गढूळ पांढरं दिसू लागतं. तो पांढरेपणा म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. लिटरभर पाण्यात ते जेमतेम पावणेदोन ग्रॅम विरघळतं, उरलेलं तरंगत राहतं. हे पाणी गाळून घेतलं तर हाती येते ती चुन्याची निवळी. नळीने फुंकलं की दुधाळ होणारी, शाळेतली.

आता हिशेब. एक ग्रॅम सोडियम पाण्याशी अभिक्रिया करताना साधारण ८ किलोज्यूल उष्णता देतं. एक ग्रॅम कॅल्शियम? सुमारे १०. हायड्रोजनही कॅल्शियमचाच जास्त: ग्रॅममागे सुमारे ०.६ लीटर, सोडियमचा अर्ध्या लीटरच्या आसपास. आणखी गंमत पहिल्या गणातच आहे. सगळ्यात शांत असलेलं लिथियम ग्रॅममागे ३२ किलोज्यूल देतं, आणि धडाडून पेटणारं पोटॅशियम फक्त ५. मोलच्या, म्हणजे कणांच्या ठरावीक संख्येच्या, हिशेबाने फरक इतका मोठा राहत नाही, पण सुटलेल्या हायड्रोजनच्या प्रत्येक मोलमागेही लिथियम सर्वांत वर आणि कॅल्शियम सोडियमच्या पुढे.

म्हणजे प्रश्न एकूण उष्णतेचा नाही, ती किती वेगाने सुटते याचा आहे. सोडियम ९८ अंश सेल्सिअसला वितळतं, पोटॅशियम ६३ अंशांनाच. द्रव झालेल्या धातूचा पृष्ठभाग सतत नवा होत राहतो, शिवाय त्यांची हायड्रॉक्साइडं पाण्यात झरझर विरघळून वाट मोकळी करतात. कॅल्शियमला वितळायला ८४२ अंश लागतात, तेवढी मजल तो तळाशी बसून कधीच मारत नाही. चारही बाजूंचं पाणी उष्णता ओढून नेतं आणि नीट न विरघळणारं हायड्रॉक्साइड अंगावरच साचतं. लिथियमचं गूढही यातच उकलतं: १८० अंशांना वितळणारा हा धातू सहसा घनच राहतो.

‘कॅल्शियमला दोन इलेक्ट्रॉन सोडावे लागतात म्हणून तो मंद’ हेही अर्धंच उत्तर. दोन इलेक्ट्रॉन काढायला जास्त ऊर्जा लागते हे खरं, पण दुहेरी प्रभार असलेल्या आयनाला पाण्याचे रेणू घट्ट वेढतात आणि तो खर्च भरून निघतो. प्रमाण इलेक्ट्रोड विभव बघा (ते जितकं जास्त उणे, तितकी पाण्यात इलेक्ट्रॉन देण्याची ओढ जास्त): सोडियम उणे २.७१ व्होल्ट, कॅल्शियम उणे २.८७. पाठ्यपुस्तकातल्या क्रियाशीलता श्रेणीत सोडियम वर आणि या विभवांवरून लावलेल्या विद्युत-रासायनिक श्रेणीत कॅल्शियम वर, हा अकरावी-बारावीत हमखास छळणारा विरोधाभास इथून येतो.

अल्क धातू पाण्यात पडल्यावर कधी कधी होणाऱ्या स्फोटाचं कारणही सगळे पेटलेल्या हायड्रोजनवर ढकलत असत. पण धातूभोवती वाफ आणि वायूचा थर जमला की पाणी दूर राहून अभिक्रिया मंदावायला हवी, तसं होत नाही. २०१५ मध्ये प्रागच्या पावेल युंगविर्थ यांच्या गटाने सोडियम-पोटॅशियमच्या द्रव संमिश्राचा थेंब पाण्यात पडताना अतिवेगवान कॅमेऱ्याने टिपला. मिलिसेकंदाच्या आत थेंबातून काटे फुटताना दिसले. इलेक्ट्रॉन पाण्यात निसटतात, मागे उरलेले धन आयन एकमेकांना ढकलतात आणि धातू विस्कटून पाण्याला नवा पृष्ठभाग मिळतो.

तरंगणं-बुडणं ही ओळखीची खूण मात्र मानू नका. रुबिडियम आणि सीझियम अल्क धातू असूनही बुडतात. दुसऱ्या गणातही खाली गेलं की जोर वाढतो: बेरियम कॅल्शियमपेक्षा बराच चपळ, कारण त्याचं हायड्रॉक्साइड जास्त विरघळतं. वरच्या टोकाला उलटं. मॅग्नेशियम थंड पाण्यात जवळजवळ स्वस्थ असतं, वाफेत मात्र जळून ऑक्साइड देतं. म्हणूनच पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी मारणं धोक्याचं. आगीला वर हायड्रोजन मिळतो. बेरिलियम वाफेलाही दाद देत नाही.

आणि शेवटचा एक घोटाळा. कळीचा चुना पाण्यात टाकल्यावर जो उकळतो, फुसफुसतो, तो कॅल्शियम धातू नव्हे, त्याचं ऑक्साइड. उष्णता भरपूर, हायड्रॉक्साइड तेच, पण वर येते ती नुसती वाफ. जळती काडी नेली तर हायड्रोजनसारखं ‘फट्’ होत नाही. कॅल्शियमने आपले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला आधीच दिलेले असतात, पाण्यातून हायड्रोजन सोडवायला त्याच्याकडे काही उरलेलं नसतं.