नाणेनिधीत कोणाला किती मते, आणि का?

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत विकसनशील देशांचा आवाज वाढला पाहिजे, यावर उघडपणे कोणाचाच आक्षेप नसतो. तरी प्रश्न दशकानुदशके तसाच आहे. त्याचे मूळ कोट्यात, म्हणजे प्रत्येक सदस्य देशाला ठरवून दिलेल्या आर्थिक वाट्यात आहे. देशाने किती वर्गणी भरायची, त्याला किती कर्ज मिळेल आणि त्याची मते किती, हे मुख्यतः कोट्यावर ठरते.

१९४३ मध्ये, नाणेनिधीची आखणी सुरू असताना, अमेरिकी अर्थखात्यातले हॅरी डेक्स्टर व्हाइट यांनी रेमंड मायक्सेल या तरुण अर्थतज्ज्ञाला कोट्याचे सूत्र तयार करायला सांगितले. उत्तर मात्र आधीच देऊन ठेवले होते: अमेरिकेला सुमारे २९० कोटी डॉलर, ब्रिटनला वसाहतींसह त्याच्या निम्मे, सोव्हिएत संघाला त्याहून किंचित कमी, चीनला आणखी थोडे कमी. मायक्सेल यांनी राष्ट्रीय उत्पन्न, सोने-डॉलरचा साठा, परदेशी व्यापार यांचे भार मागेपुढे करून गणित त्या उत्तराशी जुळवले. पुढे त्यांनी स्वतःच ही हकिकत लिहून ठेवली. शास्त्रीय म्हणून मिरवलेल्या सूत्राची जन्मकथा ही अशी.

जुलै १९४४ मध्ये नाणेनिधीची स्थापना ठरवायला अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्सला ४४ देश जमले. आफ्रिकेतून आले फक्त चार. उरलेला खंड बहुतांशी वसाहतींचा होता. भारत पारतंत्र्यात असूनही हजर होता. व्हाइसरॉयच्या मंडळातले अर्थसदस्य जेरेमी रेझमन यांच्या नेतृत्वाखालच्या त्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुखही होते. भारताला ४० कोटी डॉलरचा कोटा मिळाला, चीनला ५५ कोटींचा. सोव्हिएत संघ बाहेरच राहिल्याने भारत पहिल्या पाचांत जाऊन बसला, ही त्याची कमाई कमी आणि योगायोग जास्त.

लहान देशांसाठी एक तरतूद होती. कोटा कितीही असो, प्रत्येकाला २५० मूलभूत मते; कोट्यानुसार मिळणारी मते त्याशिवाय. सुरुवातीला एकूण मतांत त्यांचा वाटा ११ टक्क्यांच्या वर होता. कोटे फुगत गेले, २५० चा आकडा हलला नाही आणि हा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास घसरला. २००८ च्या सुधारणेत ही मते तिप्पट झाली. अंमल २०११ मध्ये.

दरम्यान १९७१ मध्ये विकसनशील देशांनी जी-२४ गट स्थापन केला. ठराव झाले, २००२ मध्ये मेक्सिकोतल्या मॉन्टेरे इथल्या विकास-वित्त परिषदेत आश्वासनही मिळाले. पण खरी हालचाल झाली ती २००८ च्या आर्थिक संकटानंतर. निधीला मोठा पैसा हवा होता आणि तो चीनसारख्या देशांकडे होता. २०१० मध्ये कोटे दुप्पट करून सहा टक्क्यांहून अधिक वाटा उदयोन्मुख देशांकडे वळवायचे ठरले. अमेरिकी काँग्रेसने मंजुरीला डिसेंबर २०१५ उजाडवला. तोवर ब्रिक्स देशांनी (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका) स्वतःची बँक काढायचा करार करून टाकला होता.

अमेरिकी संमतीची वाट पाहावी लागते, कारण मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहेत; म्हणजे ती एकटी कोणताही असा निर्णय अडवू शकते. नकाराधिकार काढून घ्यायचा तरी त्याच नकाराधिकारातून जावे लागते. वाट्यांवरच्या घासाघिशीत ही गाठ नेहमी नजरेआड होते.

डिसेंबर २०२३ मध्ये कोटे ५० टक्क्यांनी वाढवण्याचा निर्णय झाला, तोही सर्वांना सारख्या प्रमाणात. म्हणजे वाटे जिथल्या तिथे. नोव्हेंबर २०२४ पासून सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेला निधीचा रोजचा कारभार पाहणाऱ्या कार्यकारी मंडळात तिसरी खुर्ची मिळाली. तिच्याबरोबर नवी मते मात्र आली नाहीत. आधीचीच मते दोनऐवजी तीन संचालकांत वाटली गेली.