डाइंग लाइट : द फॉलोइंग

‘डाइंग लाइट’ या झॉम्बी-गेमची ९ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसिद्ध झालेली मोठी पुरवणी. पोलंडमधील व्रोत्सवाफ शहरात असलेल्या टेकलँड कंपनीने ती तयार केली. मूळ गेम जानेवारी २०१५ मध्ये आला होता. अशा जोडगेमला खेळाडू सर्रास ‘डीएलसी’ (मूळ गेमला जोडून नंतर डाउनलोड करायची भर) म्हणतात. पण दोन पोशाख आणि चार बंदुका विकल्या तरी तीही डीएलसीच. येथे नवी कथा आहे, नवे शस्त्र आहे, वाहन आहे आणि मूळ गेममधील दोन्ही नकाशे एकत्र केले तर जेवढे भरतील तेवढा नवा मुलूख आहे. सीझन पास (पुढच्या पुरवण्यांचे पैसे एकदाच भरण्याची सोय) आधीच घेतलेल्यांना ती वेगळे पैसे न देता मिळाली. मूळ गेम, आधीच्या पुरवण्या आणि ही, असे सगळे एकत्र करून ‘एन्हान्स्ड एडिशन’ त्याच दिवशी बाजारात आली.

मूळ गेम हारान नावाच्या काल्पनिक शहरात घडतो. साथ पसरली आहे, शहराची नाकेबंदी झाली आहे आणि बाधित माणसे अँटिझिन नावाच्या औषधावर कशीबशी माणूस म्हणून टिकून आहेत. काइल क्रेन हा हेर मदतसंस्थेच्या कामगिरीवर तेथे उतरतो आणि अडकतो. या गेमचा जीव छपरांवर होता. खाली रस्त्यात चालत्या प्रेतांची गर्दी, वर गच्च्या, पत्रे, तारा. जो धावू आणि चढू शकतो तो वाचतो. पार्कुर, म्हणजे अडथळ्यांवरून धावत-उड्या मारत जाणे, हे तेथे कसब नव्हते, तो जगण्याचा एकमेव मार्ग होता.

‘द फॉलोइंग’ने हा मार्गच काढून घेतला. क्रेन शहराबाहेर पडतो तो शेतांत, माळावर आणि समुद्रकाठच्या कोळीवस्तीत. दोन घरांमध्ये अर्धा अर्धा किलोमीटर मोकळी जमीन, चढायला काही नाही. शहरात शिकलेल्या निम्म्या युक्त्या येथे निरुपयोगी ठरतात आणि सराईत खेळाडूही पहिला तासभर नवखा होऊन जातो. एका स्टुडिओने स्वतःच्या सर्वांत गाजलेल्या गोष्टीवर असे पाणी सोडणे दुर्मीळच.

छपरांच्या जागी येते ती बगी. ही चारचाकी उघडी गाडी या पुरवणीतील खरे पात्र म्हणावी लागेल. इंजिन, ब्रेक, टायर, सस्पेन्शन हे भाग झिजतात; दुरुस्तीला स्क्रू लागतात आणि ते रस्त्यात बेवारस पडलेल्या गाड्यांची बॉनेटे उघडून गोळा करावे लागतात. पेट्रोल संपते. चालकाच्या कौशल्यांची शाखा स्वतंत्र आहे. गाडी हाणावी, उडवावी, प्रेतांच्या घोळक्यातून काढावी, तसे गुण वाढतात. पुढे गाडीला विजेचा पिंजरा, ज्वालाफेकी यंत्र आणि अतिनील दिवे बसवता येतात. शेवटची सोय चैनीची नाही. रात्री बाहेर पडणारे ‘व्होलटाइल’ हे सर्वांत वेगवान बाधित फक्त अतिनील प्रकाशाला बिचकतात, आणि माळावर लपायला गच्ची नसते. मध्यरात्री शेताच्या मधोमध टाकी रिकामी झाली की काय होते, हे प्रत्येक खेळाडू एकदा तरी शिकतो.

दुसरी मोठी भर क्रॉसबोची. बंदुकीच्या आवाजाने बाधित धावत येतात; बाण मात्र मुकाट काम करतो. व्होलटाइलांच्या बिळांची गंमत वेगळीच आहे. तेथे रात्री शिरणे शहाणपणाचे, कारण त्या वेळी मालक शिकारीला बाहेर गेलेले असतात; दिवसा सगळे घरीच. म्हणजे बिळापर्यंतचा रस्ता सर्वांत धोक्याचा, आणि आतला भाग त्यामानाने सोपा.

कथेचे बीज एका मरणाऱ्या माणसाच्या बोलण्यात आहे: गावाकडे काही लोकांना बाधित चावले तरी बाधा होत नाही. क्रेनला तेथे सूर्याची उपासना करणारा पंथ सापडतो. त्याचे म्होरके मुखवटे घालतात आणि त्यांच्या वर ‘मदर’ नावाची न दिसणारी स्त्री आहे. परक्याला कोणी काही सांगत नाही. म्हणून गेमने ‘विश्वास’ हेच मोजमाप ठेवले आहे: जासिरच्या शेतावरची कामे करा, हरवलेली माणसे शोधा, वस्त्यांना सामान पोचवा; विश्वास पुरेसा वाढला की कथेचे पुढचे दार उघडते. याला कोणी निव्वळ हेलपाटे म्हणेल, आणि मधल्या भागात ती तक्रार खरीही आहे. पण बंद गावात परक्याला असेच वागावे लागते, त्यामुळे कंटाळ्यालाही थोडा अर्थ येतो. शीर्षकातला ‘फॉलोइंग’ हा शब्द अनुयायांनाही लागू पडतो आणि पाठलागालाही.

नावाबद्दल एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खरे हारान तुर्कस्तानच्या शानलिउर्फा प्रांतात, सीरियाच्या सीमेजवळ आहे. मधमाश्यांच्या पोळ्यांसारख्या मातीच्या घरांसाठी ते ओळखले जाते. प्राचीन काळी तेथे सिन या चंद्रदेवाचे मोठे देवस्थान होते. गेममधील समुद्रकाठच्या शहराशी या कोरड्या मैदानाचे काहीच जुळत नाही आणि गेमचा पंथ नेमका सूर्याचा आहे.

शेवट दोन आहेत आणि दोन्ही कडवट आहेत. (ज्यांना खेळायचे आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) पंथाचे ‘अमृत’ बाधा थोपवते, पण ते घेणारा रात्री व्होलटाइल होतो आणि दिवसा शुद्धीवर येतो. खेळाडू अणुस्फोट घडवून हारानसकट सारे संपवू शकतो, किंवा मदरशी लढू शकतो. दुसऱ्या वाटेने गेल्यास क्रेन नाकेबंदीच्या भिंतीपलीकडे पोचतो. सूर्य मावळतो, समोर खेळणारी मुले असतात, आणि त्याच्या घशातून निघालेला आवाज माणसाचा नसतो.

पुरवणी एकट्याने किंवा चौघांनी मिळून खेळता येते. चौघांना चार गाड्या मिळतात, त्यामुळे गंभीर कथेची पुष्कळदा जत्रा होते. मूळ गेममधील कौशल्ये आणि शस्त्रे येथे सोबत येतात, बगी मात्र शहरात नेता येत नाही. कौशल्यांचे शिखर गाठलेल्यांसाठी ‘लेजेंड’ या २५० पातळ्या आल्या, आणि रात्री लांबवणारी ‘नाइटमेअर’ काठिण्यपातळीही. प्रसिद्धीसाठी एक कोटी डॉलरची ‘स्पॉटलाइट’ आवृत्तीही जाहीर झाली होती. तिच्यात गेमवरच्या नियोजित चित्रपटात भूमिका आणि पार्कुरची शिकवणी देऊ केली होती.

२०२२ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात क्रेन नव्हता. तो परतला सप्टेंबर २०२५ मध्ये, ‘द बीस्ट’ या गेममधून. तीही सुरुवातीला दुसऱ्या भागाची पुरवणीच होती. वाढत वाढत स्वतंत्र गेम झाली.